परतीची वाट

माउली, प्रवासाने माणूस शहाणा होतो, असे आपण सगळेच म्हणतो. चार गावचे पाणी प्यालेल्याला जग कळते, ही आपल्याकडची जुनी समजूत. पण वारकऱ्याच्या प्रवासात नवे ते काय? तीच वाट, तेच मुक्काम, तोच विठोबा. मग दरवर्षी तेच अंतर तुडवून माणूस वाढतो तरी कशाने? आम्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांपुढे हा प्रश्न दर ज्येष्ठात उभा राहतो, कारण पेरणीच्या तोंडावर घर सोडावे लागते.

शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी 1968 पासून पायी पंढरीला जाते. नागझरी, पारस, अकोला करीत ती पुढे जनाबाईंच्या गंगाखेडला, परळी वैजनाथला, अंबाजोगाईला टेकते आणि सोलापूर, मंगळवेढ्यावरून चंद्रभागेकाठी पोचते. महिनाभराची वाट. गोपाळकाला झाला की पुष्कळ वारकरी एसटीने, रेल्वेने घर गाठतात. पालखी मात्र परतही पायीच येते. बीड, जालना ओलांडून जिजाऊंच्या सिंदखेडराजाला ती आपल्या जिल्ह्यात शिरते; मग लोणार, मेहकर, खामगाव आणि शेगाव.

या वाटेवर पहिली गोष्ट सुटते ती आपली मालकी. घरी आपण कोणी तरी असतो. कोणी पाटील, कोणी गुरुजी, कोणी दहा एकरांचा धनी. वाटेवर पाणी मागून प्यावे लागते. कोणाच्या तरी ओसरीवर पाठ टेकावी लागते. अनोळखी गाव पंगत घालते आणि आपण पान मांडून वाट पाहतो. सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पाया पडतो आणि ते पोर त्याच्या. द्यायला आपल्याला घरीही येते, माउली. घ्यायला मात्र वाटच शिकवते. ताठ माणसाला घेणे फार जड जाते.

नामदेवरायांची कथा आठवा. परंपरा सांगते की, ज्यांच्याशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलत असे, त्या नामदेवांना गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात कच्चे मडके ठरवले. नामदेव दुखावले. पण शेवटी पंढरी सोडून औंढ्या नागनाथाला गेले आणि विसोबा खेचरांपुढे हात जोडून उभे राहिले. देव घरचा असूनही ज्ञान मागायला परगावी जावे लागले. पुढे तेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले आणि त्यांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात आली. ज्याला मागता आले, त्यालाच पुढे एवढे देता आले.

हे सगळे कीर्तनात ऐकून माहीत होते. त्याचा अर्थ मला कळला तो एका परतीच्या वारीत. त्या वर्षी पाऊस मृगात पडला आणि मग तोंड फिरवून बसला. सोयाबीन उगवले तसेच करपले. मुक्कामावर फोन आला, तेव्हा आम्ही सोलापूरच्या अलीकडे होतो. मी निघतो म्हणालो. घरून उत्तर आले, “तुम्ही येऊन पाऊस पडणार आहे का? वारी पुरी करा.” दुबार पेरणी माझ्या पत्नीने आणि धाकट्या भावाने उरकली.

परतताना मेहकरला भाऊ दर्शनाला आला. दर्शन झाले तरी जाईना. बाजूला घेतले तेव्हा बोलला. बियाणे उधारीवर आणले होते, डवरणीला मजूर लावायला पैसा नव्हता, पीक तणात चालले होते. गावात कोणाला बोलला नव्हता. घरीही अर्धेच सांगितले होते. “कोणाले सांगू, दादा? लोक काय म्हणतील?”

माउली, आपला जिल्हा तुम्हाला ठाऊक आहे. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या 6 जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. कर्ज, पाऊस, भाव ही कारणे खरीच, आणि ती कोणाच्या वारीने मिटत नाहीत. पण त्या ओझ्याखाली माणूस एकटा पडतो, कोणापुढे तोंड उघडत नाही, हेही तितकेच खरे. माझा भाऊ त्याच वाटेवर उभा होता.

मी म्हणालो, “दोन महिने मी परक्यांच्या दारी जेवलो. त्यांनी माझी जात विचारली नाही की सातबारा. मग आपल्या शेजाऱ्यापुढे कसली लाज?” शेगावला पालखी पोचवून घरी आलो आणि त्याच संध्याकाळी आम्ही दोघे शेजाऱ्याकडे गेलो. सगळे सांगितले. त्याच्याकडेही पैसा नव्हता. बैलजोडी होती, डवरा होता, दोन पोरे होती. ठरले, दोन दिवस त्यांनी आमच्यात यायचे, दोन दिवस आम्ही त्यांच्यात. उधारी त्याने फिटली नाही. ती हंगामानंतर हप्त्याहप्त्याने दिली. पण भाऊ त्या रात्री जेवला आणि झोपला.

म्हणून वाटते, वारीचे फळ पंढरीत मोजू नये. तिथे सगळेच नम्र असतात. कळसच तसा आहे. परतीच्या वाटेवर गर्दी नसते, रांगोळ्या नसतात, पायांना घराची ओढ असते. वाटेवर शिकलेले घ्यायचे, मागायचे, वाकायचे आपल्याबरोबर उंबऱ्याच्या आत येते का, ते पाहावे. आणि जे घरी राहिले, ज्यांनी आपल्या वाटचे शेत पेरले, त्यांच्या पायांवरही एकदा डोके ठेवावे. त्यांची वारी तिफणीमागे झालेली असते.

औंदा निघाल तेव्हा विठोबाला मागायचे ते मागाच, माउली. पण परत आल्यावर शेजाऱ्याच्या दारीही जा. तो गप्प असेल तर तुम्ही आधी बोला.

रामकृष्णहरी.