एक पौंड बदाम, एक पौंड साखर

इंग्लंडात पंधराव्या शतकात 'गुलाबांची युद्धं' झाली, असं आम्हाला शाळेत शिकवलं. एका घराण्याचा गुलाब पांढरा, दुसऱ्याचा तांबडा. गुरुजी फळ्यावर वंशवृक्ष काढत आणि त्याच्या फांद्याफांद्यांवर हेन्री, एडवर्ड आणि रिचर्ड असे काही लोंबकळत की परीक्षेत कुणी कुणालाही मारलं तरी अर्धे गुण मिळून जात.

हे सगळे राजे एकमेकांचे गळे कापत असताना बाकीचं इंग्लंड काय करीत होतं, असा प्रश्न मला पुष्कळ वर्षांनी पडला. उत्तर सापडलं पेस्टन कुटुंबाच्या पत्रांत. नॉरफोक परगण्यातल्या या कुटुंबाची हजारावर पत्रं आणि कागद शिल्लक आहेत. त्यांतली काही जॉन फेन या गृहस्थाने १७८७ साली प्रथम छापली. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला मान्य आहे. पण पाचशे वर्षं उलटल्यावर संकोच तरी किती बाळगायचा? तर, बाकीचं इंग्लंड काय करीत होतं? ते जमिनीचे दावे लढवीत होतं!

मूळ पुरुष क्लेमेंट पेस्टन. साधा शेतकरी. घोड्याच्या उघड्या पाठीवर धान्याचं पोतं टाकायचा, त्यावर स्वतः बसायचा आणि गिरणी गाठायचा. ही माहिती घराण्याच्या वैऱ्यांनी मुद्दाम लिहून ठेवली आहे. (आपल्या आजोबांची बित्तंबातमी हवी असेल तर वैऱ्यालाच विचारावं; घरचे लोक फक्त तसबीर दाखवतात.) १३४८-४९च्या प्लेगाने देशातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं नेली होती, जमीन मात्र जागच्या जागी होती. हुशार माणसाला वर चढायला वाव होता. क्लेमेंटने कर्ज काढून मुलाला शिकवलं आणि तो पोरगा, विल्यम, १४२९ साली चक्क न्यायाधीश झाला. न्यायाधीशांनी जमिनी घेतल्या आणि मुलाला जमिनींबरोबर त्यांच्यावरचे तंटेही वारसाहक्काने मिळाले.

हा मुलगा जॉन. वकील. कायम लंडनला, कधी कोर्टात, तर कधी फ्लीटच्या तुरुंगात. तुरुंगाची वारी तीनदा घडली. मग गावाकडे शेतं, कुळं, पोरं, सासूबाई आणि शत्रू या सगळ्यांना तोंड द्यायला कोण? त्याची बायको मार्गारेट. १४४८ साली मोलिन्स नावाच्या एका उमरावाने यांचं ग्रेशमचं घर बळकावलं. मार्गारेटने तिथून नवऱ्याला लंडनला पत्र धाडलं. इथली घरं ठेंगणी आहेत, लांब धनुष्य चालवता येत नाही, तेव्हा क्रॉसबो आणि त्यांचे बाण पाठवा. घरात ठेवायला दोन-तीन आखूड परशूही असू द्या. आणि हो, एक पौंड बदाम, एक पौंड साखर आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी कापड!

मी ही यादी घरात मोठ्याने वाचून दाखवली, तर सौ. म्हणाली, "त्यात हसण्यासारखं काय आहे? हल्ला व्हायचा म्हणून पोरांनी उघडं राहायचं?" मी पुढे वाचायला लागलो.

१४५० च्या जानेवारीत खरोखरच हल्ला झाला. पेस्टनांच्या तक्रारीप्रमाणे हजार माणसं आली (फिर्यादीतल्या आकड्यांना थोडी सूट द्यावी), मार्गारेट होती त्या खोलीची भिंत त्यांनी खणून पाडली आणि तिला उचलून वेशीबाहेर नेऊन ठेवलं. बाई डगमगली नाही. पुन्हा पत्रं सुरू.

तिच्या दोन मुलांची नावं जॉन आणि जॉन. दोघेही एकाच वेळी हयात, दोघेही धडधाकट. इतिहासकारांनी बापासकट सगळ्यांना नंबर घालून प्रश्न सोडवला. पण आईने जेवायला हाक मारल्यावर काय होत असेल? थोरला जॉन दरबारी, लंडनला राहणारा आणि पैसे मागवणारा. १४६६ साली बाप वारला तेव्हा अंत्यविधीचा थाट एवढा की मशालींचा धूर बाहेर जावा म्हणून चर्चच्या खिडकीच्या दोन काचा काढल्या. काचवाल्याला दिलेल्या पैशांची नोंद आहे. कबरीवर दगड बसवणं मात्र थोरल्या चिरंजिवांना वर्षानुवर्षं जमलं नाही. आईची त्याबद्दलची पत्रं वाचवत नाहीत.

१४६९ साल सगळ्यांत वाईट. सर जॉन फास्टॉल्फ नावाच्या धनाढ्य म्हाताऱ्याने १४५९ साली मरण्याआधी दोन दिवस तोंडी मृत्युपत्र बदलून केस्टरचा किल्ला आपल्याला दिला, असं बापाचं म्हणणं होतं. ते बऱ्याच जणांना पटलं नव्हतं. ड्यूक ऑफ नॉरफोकला तर इतकं पटलं नाही की त्याने किल्ल्याला वेढाच घातला. आत धाकटा जॉन आणि सुमारे तीस माणसं. दाद राजाकडे मागावी, तर राजा चौथा एडवर्ड त्या वेळी स्वतःच कैदेत! सप्टेंबरात किल्ला गेला. तो परत मिळाला १४७६ साली, ड्यूक मेल्यावर.

आणि नेमक्या त्याच वर्षी मुलीचं प्रकरण उघडकीला आलं. मार्जरीने घरचा कारभारी रिचर्ड कॉल याच्याशी चोरून आणाभाका घेतल्या होत्या. कारभाऱ्यालाच कारभारी केलं म्हणा ना! चर्चच्या कायद्याने दोघांनी एकमेकांना शब्द दिला की लग्न लागलं; भटजीचीसुद्धा गरज नाही. नॉरविचच्या बिशपने तिला समोर बसवून कुळाची, अब्रूची आठवण दिली आणि नेमके कोणते शब्द उच्चारलेस ते विचारलं. पोरीने सांगितले, आणि वर म्हणाली, एवढ्याने पक्कं होत नसेल तर आणखी पक्के शब्द आत्ता उच्चारते. त्याच दिवशी मार्गारेटने तिला घराचे दरवाजे बंद केले. धाकट्या भावाने आधीच कळवलं होतं की आपली बहीण फ्रॅमलिंगहॅमच्या बाजारात मेणबत्त्या आणि मोहरी विकते आहे, हे मी खपवून घेणार नाही.

इथे आमच्या घरात दोन तट पडले. मी मुलीच्या बाजूचा. सौ. म्हणाली, "अहो, तुम्हाला बोलायला काय जातं? भिंत फोडून त्या बाईला बाहेर काढलं होतं."

मला त्या मोहरीने विचारात पाडलं. क्लेमेंटला जाऊन तेव्हा उणीपुरी पन्नास वर्षं झाली होती. ते धान्याचं पोतं या मंडळींना अजून टोचत होतं. ज्यांचे आजोबा खरोखरच पालखीतून हिंडले, त्यांना मोहरीची एवढी धास्ती वाटत नसावी.

रिचर्ड कॉलला मात्र पेस्टनांनी पुरतं तोडलं नाही. जमिनींचे हिशेब त्यालाच ठाऊक होते! जावई म्हणून उंबऱ्यात नको, पण वह्या घेऊन मागच्या दाराने आलेला चालेल, असा व्यवहारी तोडगा निघाला. पुढे १४७७ साली धाकट्या जॉनचं लग्न ठरलं. ही सूनही मार्जरीच. त्या घरात नावांचा कायमचा दुष्काळ. तिने जॉनला लिहिलेलं व्हॅलेंटाइनचं पत्र इंग्रजीतलं सर्वांत जुनं समजतात आणि त्यात प्रेमाच्या बरोबरीने हुंड्याची काळजी आहे. तिचा बाप रक्कम वाढवीना, तेव्हा मार्गारेटनेच स्वतःची एक जहागीर देऊन लग्न जमवलं. मुलाच्या प्रेमासाठी तिच्याकडे जमीन होती.

१४८२ साली मार्गारेटने मृत्युपत्र केलं. कुणाला काय द्यायचं ते नीट लावलेलं आहे. आयुष्यभर जमाखर्च सांभाळणारी बाई होती. त्यात कुठेतरी मध्येच जॉन कॉल नावाच्या मुलाला, तो वयात आल्यावर, वीस पौंड ठेवले आहेत. हा कोण, हे कारकुनाला कळावं म्हणून तिने खुलासा लिहवला आहे: माझी मुलगी मार्जरी, तिचा मुलगा.