क्रमशः

मराठी भाषेतला सर्वांत निर्दय शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक 'क्रमशः' असं उत्तर देईन. 'दंड', 'जप्ती', 'थकबाकी' हे शब्द मी बँकेत रोज वापरतो. त्यांत निदान सरळपणा असतो. 'क्रमशः' मात्र गोड बोलून गळा धरतो. नायकाच्या मानेवर तलवार टेकलेली असते, नायिकेनं पाकीट नुकतंच फोडलेलं असतं, आणि पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, हा गृहस्थ मांडी घालून बसलेला असतो. म्हणजे या आता पुढच्या महिन्यात!

हे सगळं निघायचं कारण आमचे चिरंजीव. वय वर्षं पंधरा, इयत्ता दहावी. गेली काही वर्षं ते एक जपानी चित्रमालिका पाहताहेत. तिचं नाव 'वन पीस'. एईचिरो ओदा नावाच्या गृहस्थांनी १९९७ साली जपानमधल्या एका साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली. तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, बोहल्यावर चढलो, चिरंजीव जन्मले, चिरंजिवांना मिसरूड फुटलं, आणि ओदासाहेबांची गोष्ट अजून चालूच आहे! खंडांनी शंभरी कधीच ओलांडली.

एका रविवारी मी सहज विचारलं, "कुठपर्यंत आली रे गाडी?"

"वानो आर्क चालू आहे, बाबा."

"आर्क म्हणजे काय बे?" शेकडा चाळीस लोक बँकेत 'पासबुक भरून द्या' म्हणतात त्या सुरात मी विचारलं.

"म्हणजे मोठ्या गोष्टीतली एक मोठी गोष्ट."

मी कॉमर्सचा माणूस. आर्क म्हणजे भूमितीतला कंस, एवढंच मला आठवत होतं. आणि कंस म्हटल्यावर आमच्या आजीची हरिविजयाची पोथी. पण त्या कंसाचा निकाल श्रीकृष्णानं एका फटक्यात लावला. हा जपानी कंस चित्रकथेत २०१८ पासून २०२२ पर्यंत चालला आणि पडद्यावर २०१९ पासून २०२३ पर्यंत. दोनशेच्या आसपास भाग! रोज एक भाग पाहिला तरी साधारण साडेसहा महिने. एवढ्या हप्त्यांत माणसाची एखादी आवर्ती ठेव पिकेल.

"हे काहीच नाही बाबा," चिरंजीव म्हणाले. "'ड्रॅगन बॉल'मध्ये तो फ्रीझा म्हणतो, हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार. ती पाच मिनिटं आठ-दहा भाग चालतात."

हे मात्र मला लगेच पटलं. 'पाच मिनिटांत होतंय, बसा' हे वाक्य मी काउंटरमागून इतक्यांदा उच्चारलं आहे, की त्या फ्रीझाबद्दल मला एकदम आपलेपणा वाटू लागला.

आमच्या सौभाग्यवतींचं मत मात्र स्पष्ट होतं. "त्या जपान्यांना दुसरे उद्योग नाहीत का हो?" असं त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. आता तसं पाहिलं तर हा प्रश्न सोलापूरच्या माणसानं विचारूच नये. कारण या उद्योगाचा एक मोठा कारखानदार आमच्याच जिल्ह्यातला. सांगोल्याकडचं नाझरे हे श्रीधरस्वामींचं गाव. या माणसानं १७०२ साली हरिविजय पुरा केला, लगेच दुसऱ्या वर्षी रामविजय, १७१२ ला पांडवप्रताप, १७१८ ला शिवलीलामृत. पांडवप्रतापाचे अध्याय चौसष्ट! आमची आजी चातुर्मासात पोथी लावायची. संध्याकाळी समई लागली की एक अध्याय. मधेच थांबायचं नाही आणि पुढचं पान उलटून बघायचं नाही. भीमाची गदा वर उचललेली असताना आजी पोथीवर फडकं गुंडाळायची आणि म्हणायची, "आता उद्या." भीम बिचारा रात्रभर हात वर करून उभा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागच्या अध्यायात काय घडलं त्याची आठवण करून द्यायची आणि मग गदा खाली. चिरंजिवांच्या मालिकेतही प्रत्येक भागाच्या आरंभी गेल्या वेळचं थोडं पुन्हा दाखवतात. मला ते पाहून समईच्या तेलाचा वास येतो.

आणि आमचा 'चांदोबा' काय वेगळा होता? १९४७ साली मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक निघालं, मराठीत ते १९५२ ला आलं. सोलापुरात त्याची मोठी गंमत. आमच्या वाड्यात तीन बिऱ्हाडं तीन भाषांची. आमच्याकडे 'चांदोबा', समोर तेलुगू 'चंदामामा', वरच्या माडीवर कन्नड. एखाद्या महिन्यात आमचा अंक उशिरा आला, की मी समोरच्यांकडे जाऊन शंकर नावाच्या चित्रकाराचं ते चित्र पाहून यायचो. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, पुढे विक्रमराजा. तेलुगूचं एक अक्षर कळायचं नाही, पण राजा अजून चालतोय एवढं कळलं की जीव भांड्यात पडायचा. मूळच्या वेताळाच्या गोष्टी पंचवीस. मासिकवाल्यांनी राजाला कित्येक दशकं त्या झाडाकडे हेलपाटे घालायला लावले. विक्रमाला पेन्शन नाही, प्रवासभत्ता नाही, आणि अधिकारी खांद्यावर बसून प्रश्न विचारणारा! नोकरी म्हणजे काय याची पहिली कल्पना मला तिथेच आली.

पुढे २ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं, ते २४ जून १९९० पर्यंत चाललं. भाग चौऱ्याण्णव. रविवारी सकाळी नव्या पेठेत चिटपाखरू दिसायचं नाही. तेव्हा, जपान्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?

असं म्हणून मी चिरंजिवांच्या शेजारी बसलो. सोलापूरचा मे महिना, बाहेर बेचाळीस डिग्री, पंखा गरम हवा खालून वर आणि वरून खाली करतोय, आणि आत आम्ही दोघं वानो देशात.

हा वानो म्हणजे जुन्या जपानसारखा, तलवारबहाद्दरांचा, बाहेरच्यांना दारं बंद असलेला देश. एका लबाड माणसानं कैदो नावाच्या राक्षसी चाच्याच्या मदतीनं तो बळकावलेला. खरा वारस ओदेन. या दोघांच्या वचनावर विश्वास ठेवून हा मर्द पाच वर्षं भर रस्त्यात नागडा नाचतो. का, ते कुणालाच सांगत नाही. सारं गाव त्याला वेडा म्हणतं. शेवटी उकळत्या तेलाच्या कढईत उभा राहून तो सोबत्यांना डोक्यावरच्या फळीवर तोलून धरतो, त्यांना वाचवतो आणि मग मरतो. आणि त्याची बायको आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, जादूनं, वीस वर्षं पुढच्या काळात पाठवून देते. मुलगा तिकडे आठ वर्षांचाच उतरतो. सहा वर्षांची धाकटी बहीण मात्र मागे राहते, ती रोजच्यासारखीच एकेक दिवस करत वीस वर्षं काढते. म्हणजे आता दादा आठ वर्षांचा आणि धाकटी सव्वीस वर्षांची! भाऊबीजेला कुणी कुणाच्या पाया पडायचं, हा प्रश्न ओदासाहेबांनी सोडवलेला नाही.

इथवर मी हसत होतो. मग एबिसू नावाची वस्ती आली. भिकेला लागलेली, पण सगळी माणसं सदा हसरी. मला वाटलं, चला, आपल्यासारखी दिसताहेत. नंतर कळतं, की त्यांना फसवून एक फळ खायला घातलेलं आहे. त्यामुळे त्यांना रडता येत नाही, रागावता येत नाही, चेहऱ्यावर फक्त हसू. त्यांच्यातल्या एका भल्या माणसाला भर लोकांत मारतात, तेव्हा त्याची चिमुरडी पोरगी हसत असते. डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हसतेय.

चिरंजिवांनी तिथे मालिका थांबवली आणि पाणी प्यायला गेले. दहावीतली मुलं अशा वेळी पाणीच पितात.

"बाबा, वीस वर्षं ही लोकं थांबली कशी?" परत येऊन त्यानं विचारलं.

मी त्याला आमच्या काउंटरवरच्या आजोबांची गोष्ट सांगितली. सोलापूर हे एके काळी भोंग्यावर उठणारं गाव. १८७७ पासून इथे कापडाच्या गिरण्या, मग एकेक भोंगा बंद होत गेला. अशाच एका गिरणीत हे आजोबा मागावर होते. गिरणी बंद पडली, देणी राहिली, दावा चालू राहिला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते पासबुक घेऊन येतात.

"बघा की ओ सायेब, कायतरी आलंय का."

मी बघतो. आलेलं नसतं. आजोबा हसतात. "नसू दे. मालकानं मला अमर करून ठेवलंय बघा. पैसं आल्याबिगर मराया येत न्हाई!"

सगळी रांग हसते. मीही हसतो. बारा वर्षं मी या वाक्याला हसतोय.

चिरंजीव ऐकत होते. त्यांना हसू आलं नाही. "त्यांच्यासाठी कोण परत येणार आहे, बाबा?" असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न वेताळाच्या तोलाचा होता. उत्तर ठाऊक असून दिलं नाही तर डोक्याची शंभर शकलं होतात, पण उत्तर ठाऊकच नसलं तर गप्प बसण्यावाचून गत्यंतर नसतं.

वानो आर्क संपला. कैदो पडला, पोराला त्याचं राज्य मिळालं, खलाशी पुढच्या बेटाकडे निघाले. मी म्हटलं, "सुटलो!" चिरंजीव म्हणाले, "आर्क संपला बाबा, गोष्ट नाही." आणि त्यांनी पुढचा भाग लावला.

गेल्या महिन्यात आजोबांचं पासबुक भरलं. ओळींवर ओळी, बहुतेक सगळ्या व्याजाच्या, चहा-भजी निघतील एवढ्या रकमांच्या. मी नवं पासबुक काढलं. अशा वेळी यंत्र जुन्या पुस्तकातला आकडा नव्यात आपोआप उतरवतं, त्यात कारकुनानं काही करायचं नसतं. तरी मी पेन काढलं आणि जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळीखाली हातानं लिहिलं, 'शिल्लक पुढे नेली'.

आजोबांनी ते डोळ्यांजवळ धरलं. "काय लिवलंय ओ सायेब?"

"क्रमशः," मी म्हणालो.

"बरं बरं," आजोबा म्हणाले. "म्हंजे पुढच्या म्हैन्याला येतो."