फिका पिवळा

मामाचं तिसवाडीतल्या खाजनात सुंगटांचं तळं आहे, भाड्याने घेतलेलं. दर काढणीला पहिली पिशवी आमच्या घरी येते आणि आई त्याच दिवशी हुमण करते. गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मी एका प्रयोगशाळेत महिनाभर जात होते. तेव्हा मामाचा फोन आला, "आमची सुंगटं येणार आहेत तिथं तपासायला. नीट बघ हां गो!" नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तो त्याने पावतीवरून मला वाचून दाखवला.

आम्ही शोधत होतो फ्युराझोलिडोन या प्रतिजैविकाचा अंश. हे औषध अंगात गेल्यावर काही तासांतच मोडतं. पण त्याचा एक तुकडा मांसातल्या प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतो. शिजवूनही जात नाही. तो सोडवायला मांस वाटून, आम्ल घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवावं लागतं. किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम सापडला तरी युरोपात माल अडतो. म्हणजे हजार टनांत अर्धा ग्रॅम!

एलायझा चाचणीत रंग उलटा बोलतो. खळगा गडद पिवळा झाला तर नमुना स्वच्छ. अंश जितका जास्त, तितका रंग फिका. मामाच्या नमुन्याचे दोन्ही खळगे फिके निघाले. मॅडमनी चाचणी पुन्हा करायला लावली. पुन्हा फिके. मग मोठ्या यंत्रावरही तेच आलं.

संध्याकाळी मी मामाकडे गेले. "कसलं औषध घातलं होतं?"

"औषध कसलं गो? सुंगटं काठाला लागत होती. दुकानदाराने टॉनिक म्हणून पिवळी पूड दिली, खाण्यात मिसळ म्हणाला. पुडीवर नावसुद्धा नव्हतं. कर्ज काढून बसलोय, मरताना नुसतं बघत राहू?"

तो खोटं बोलत नव्हता. रोग विषाणूचा असेल तर ती पूड कशालाच उपयोगाची नव्हती, हे मला सांगवलं नाही. या औषधाला आपल्या देशातही बंदी आहे, एवढं मात्र सांगितलं.

"बाहेरचे नको म्हणाले तर इथं खपतील," तो म्हणाला. "आपली माणसं कुठं तपासून खातात?"

"आपली माणसं म्हणजे आम्हीच ना मामा?" हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

काढणी झाली. त्या खेपेला पिशवी आली नाही. आईला वाटलं, विसरला असेल. रविवारी तिने बाजारातून सुंगटं आणली. कुठल्या तळ्यातली, ते विकणारीलाही ठाऊक नसणार. महिनाभर मी रंग वाचायला शिकले होते; ताटातलं हुमण मात्र नेहमीसारखंच लालभडक होतं.

"कशी झालीत?" आईने विचारलं.

"बरी," मी म्हणाले, आणि जेवले.

हा लेख अंकाला देण्याआधी मामाला वाचून दाखवायचं ठरवलं आहे. तो गिळलेला प्रश्न त्यात आहेच.