अख्खा भोपळा

आईच्या स्वयंपाकघरात दारामागे एक लाल भोपळा दीड महिना बसून होता. चांगला सहा-सात किलोचा. पैठणकडच्या आमच्या चुलतमामांनी दिवाळीनंतर शेतातून आणून दिलेला. त्याच्याखाली जुन्या टॉवेलची चुंबळ, वर स्टीलची परात झाकलेली. मी पुण्याहून फोन केला की रोज विचारायचे, "कापला का गं डांगर?" (आमच्याकडे मराठवाड्यात लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. कोकणातल्या मैत्रिणींनो, तुमचं उडदाचं डांगर वेगळं!) आणि आईचं उत्तर ठरलेलं. "राहू दे. दादा येतोय ना डिसेंबरात, तो कापेल."

तर आमच्या घरी भोपळा बायकांनी कापायचा नाही. भाजी बायकांनी करायची, घारगे बायकांनी तळायचे, पण अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी पुरुषाने चालवायची. ती एकदा चालली की पुढे फोडी करायला आम्ही मोकळ्या. घरात पुरुष नसेल तर शेजारचा चौथीतला मुलगासुद्धा चालतो, नुसता सुरीला हात लावला तरी भागतं. माझ्या एम.एस्सी.ला मात्र काही किंमत नाही :)

बाबा होते तेव्हा हा एक सोहळाच असायचा. कालचा पेपर अंथरायचा, बनियनवर बसायचं, मोठी सुरी देठाजवळ टेकवायची आणि तिच्या पाठीवर बत्त्याने ठक् ठक् ठक्. भोपळा 'कर्र' करून उघडला की बाबा आत वाकून बघायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "म्हातारी नाहीये आत. गेली वाटतं लेकीकडे." दर वेळी तोच विनोद. दर वेळी आम्ही हसायचो.

बाबा 2022 च्या मे महिन्यात गेले. त्याच फेब्रुवारीत क्रांती चौकात शिवाजी महाराजांच्या नव्या उंच पुतळ्याचं अनावरण झालं होतं. रात्रीची वेळ, सगळा चौक माणसांनी आणि दिव्यांनी भरलेला. आमचं घर चौकापासून चालत पाच मिनिटांवर. खाली उतरायची ताकद नव्हती म्हणून बाबा गच्चीत खुर्ची टाकून उजेड बघत बसले होते. तेव्हापासून आईने अख्खा भोपळा घरात आणला नव्हता. पाव किलोची कापलेली फोड आणायची, बस. एकट्या बाईला किती लागतो, असं म्हणायची. मलाही ते पटलं होतं.

या डिसेंबरात दादाला रजा मिळाली नाही. न्यू जर्सीहून वहिनी आणि नऊ वर्षांची माझी भाची अशा दोघीच आल्या. मीही चार दिवस गेले. भाचीला इथलं सगळं आवडलं. संध्याकाळी मी तिला चौकात फिरायला नेलं, काला चबुतऱ्याची गोष्ट सांगितली. 1857 मध्ये इथल्या घोडदळाच्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्यांना इथे मारण्यात आलं, म्हणून हा क्रांती चौक. बाबा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगायचे, तर आता ते खातं माझ्याकडे. पण तिसऱ्या दिवशी पोरीला घरची आठवण आली. पोहे नको, उपमा नको. हळूच म्हणाली, "आत्या, पम्पकिन वॉफल करता येईल इथे?"

वॉफलचं यंत्र मीच तिच्यासाठी मागवून ठेवलेलं होतं. पम्पकिन तर दारामागेच होता. आता कापणार कोण?

मी सुरी काढली. आई म्हणाली, "थांब. खालच्या मजल्यावरच्या मुलाला हाक मार." तो क्लासला गेलेला. "मग वॉचमनला बोलाव." वॉचमन जेवायला गेलेला. भाची म्हणाली, "आजी, तू काप ना!" आई म्हणाली, "बायकांनी नाही कापायचा बाळा." "का?" "अख्खं फळ म्हणजे अख्खा जीव असतो. आईने त्यात सुरी घालू नये." "पण डॅडने तर घातली असती. डॅडला पण मुलगी आहे." यावर आई काहीच बोलली नाही. मी हसू दाबलं.

मीही मग माझं शहाणपण पाजळून घेतलं. म्हटलं, आई, लाल भोपळा मुळात आपला नाहीच. तो अमेरिकेतला. मिरची, बटाटा, टोमॅटोसारखा समुद्र ओलांडून गेल्या चार-पाचशे वर्षांत इकडे आला. आपला जुना तो कोहळा. होमात बळी म्हणून कापतात तो. नवचंडीला बघितलाय ना? बळी द्यायचं काम पुरुषांचं, म्हणून तो नियम कोहळ्याचा असणार, आणि भोपळा दिसायला भाऊ म्हणून त्यालाही चिकटला. हा माझा अंदाज हं, पण मला तरी पटतो.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू मला काय शिकवतेस. मी कापलाय."

आम्ही तिघी तिच्याकडे बघत राहिलो.

"बाबांची बदली हिंगोलीला झाली होती तेव्हा. तू दुसरीत होतीस. दादाला घारगे हवे होते, दोन दिवस रडत होता. तुझी आजी दुपारी झोपली, मी मागच्या मोरीत नेऊन कापला. त्यांना सांगितलं, शेजारच्या पोराने कापून दिला. पुढच्या शनिवारी हे आले, त्यांना खरं सांगितलं. खूप हसले. म्हणाले, म्हातारी होती का आत?"

मग मी विचारलं, आणि विचारायला नको होतं असं विचारताक्षणीच वाटलं. "मग ही साडेतीन वर्षं फोडी कशाला आणत होतीस?"

आई परातीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "तेव्हा ते शनिवारी येणार होते गं."

वहिनीने गॅस उगाचच बारीक केला. मी उगाचच ओटा पुसला. मला इतकी वर्षं वाटत होतं की आई रूढीला धरून बसलीय. मी मनातल्या मनात तिच्याशी वादही घातले होते, जिंकलेही होते. आणि रूढीचा इथे फारसा संबंधच नव्हता. एक काम तेवढं तिने त्यांच्या नावावर ठेवलं होतं. पेन्शनचे कागद, गॅसचा नंबर, बँकेतली सही, सगळं एकेक करून तिच्या नावावर झालं होतं. भोपळा तेवढा राहिला होता.

थोड्या वेळाने तिनेच पेपर अंथरला. मांडी घालता येत नाही आता, म्हणून पाटावर बसली. भोपळा मी दोन्ही हातांनी धरला, सुरी तिने टेकवली, बत्ता भाचीकडे दिला. ठक् ठक् ठक्. 'कर्र' झालं. केशरी गर, ओल्या बियांचा वास. आई आत वाकून बघत म्हणाली, "नाहीये." आणि मग पदर डोळ्याला लावला. भाचीला वाटलं, कांद्यासारखं भोपळ्यानेही डोळ्यांत पाणी येतं.

आता वॉफल. विचारणार तुम्ही, म्हणून नीट सांगते. भोपळ्याच्या फोडी सालीसकट वाफवल्या, गर काढून घोटला. त्याला पाणी फार सुटतं, म्हणून चक्क्यासारखा फडक्यात बांधून अर्धा तास टांगला. हे टाळू नका. एक वाटी गर, एक वाटी कणीक, अर्धी वाटी मैदा, दोन मोठे चमचे तांदळाची पिठी, दीड लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, चार मोठे चमचे चिरलेला गूळ, तीन मोठे चमचे पातळ केलेलं तूप. आईच्या ओट्यावर अंडं चालत नाही, म्हणून वाटीभर ताक. दालचिनी, सुंठ, जायफळ. तिकडे याच मसाल्याला पम्पकिन स्पाइस म्हणून डबीत भरून विकतात, आणि आपल्या डब्यात ते सगळं असतंच.

पहिलं वॉफल फसलं. मी घाईने झाकण उघडलं, अर्धं वर चिकटलं, अर्धं खाली. वाफ यायची थांबल्याशिवाय उघडायचं नाही, हा मंत्र. आतलं पाणी वाफ होऊन गेलं की कड कुरकुरीत होते आणि वॉफल आपणहून सुटतं. काढल्यावर ताटात एकावर एक ठेवू नका, घाम येऊन मऊ पडतात. जाळीवर ठेवा. दुसऱ्यापासून मस्त जमली. भाचीने मेपल सिरप नाही म्हणून काकवी घातली आणि चार खाल्ली.

आईने तिच्या वॉफलच्या एकेका खणात तूप सोडलं, बाजूला लिंबाचं लोणचं घेतलं. घारगे ती तसेच खाते. दोन घास खाऊन म्हणाली, "घारगाच आहे हा. चौकटीचा. गूळ कमी पडलाय आणि खसखस नाही." मग थांबून, "पण तेल नाही लागत, ते बरंय." डॉक्टरांनी तिचं तळलेलं बंद केलंय, त्यामुळे घारगे ती आता आमच्यासाठी करते आणि वासावर राहते. मला हे वॉफल करण्याचं खरं कारण तिथे सापडलं.

उरलेल्या भोपळ्याचं काय झालं? दुसऱ्या दिवशी आईने घारगे केले. गुळात किसलेला भोपळा शिजवून, पाण्याचा थेंब न घालता कणीक भिजवून, वर खसखस. डबाभर वहिनीच्या बॅगेत गेले. दादासाठी. तीन-चार दिवस सहज टिकतात. एक मोठी फोड खालच्या मजल्यावर, एक वॉचमनला. बिया धुऊन गच्चीत वाळत घातल्या.

मी पुण्याला परत आले. मागच्या रविवारी आईचा फोन. जाफर गेटच्या बाजारात गेले होते म्हणाली. मी सवयीने विचारलं, "फोड आणलीस का?"

"नाही," आई म्हणाली. "अख्खा आणलाय. लहानसा बघून. रिक्षावाल्याने वर आणून दिला."

"आणि कापणार कोण?"

"कोण म्हणजे? कापला की सकाळी."