न वाचणाऱ्याची पत्रिका

माझ्या टेबलावर वीतभर लांबीची एक लोखंडी पट्टी असते. एका लांब बाजूला उभी कड, एका टोकाला पक्कं बसलेलं पान, दुसरं पान सरकणारं. घरी येणारी मुलं तिला मोजपट्टी समजतात. ती कंपोझिंग स्टिक आहे, बाबांची. पुलगावच्या एका छोट्या छापखान्यात बाबा जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे, होते. नाचणगावातून रोज सकाळी सायकलने जायचे आणि संध्याकाळी बोटांना शाई आणि कपड्यांना रॉकेलचा वास घेऊन परतायचे. काम साधंच असे : लग्नपत्रिका, जिनिंगची बिलं, पावतीपुस्तकं, बारशाची आमंत्रणं, निवडणूक आली की हँडबिलं.

सुट्टीत मी त्यांच्यासोबत जाई. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या केसमधल्या खणांवर. बाबा खिळ्यांकडे बघत नसत, मजकुराकडे बघत; हात आपला खण आपण शोधायचा. अक्षरं उलटी आणि ओळ डावीकडून उजवीकडे भरत जाणारी, म्हणून वाचायची ती पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी. मराठीचा खरा जाच डोक्यावरच्या चिन्हांचा. वेलांटी, मात्रा, रफार हे वेगळे तुकडे असत, अक्षराच्या माथ्यावर बसवायचे. पातळ आणि नाजूक. छपाईचा दाब पडून पडून सगळ्यांत आधी तेच झिजत.

एकदा एक शेतमजूर मुलीची पत्रिका छापायला आला. कागद सगळ्यांत स्वस्त, गुलाबी. मुलीचं नाव पार्वती. प्रूफ काढलं तर रफार उमटलाच नव्हता. नवरीची ‘पावती’ झाली होती. मालकाने पाहिलं, हसला आणि म्हणाला, “राहू द्या जी, त्याले कुठं वाचता येते? चालते.”

“त्याले वाचता येत नाही म्हणूनच तं,” बाबा म्हणाले, आणि चेस, म्हणजे खिळे आवळून धरणारी चौकट, सोडवायला बसले. खणात धड रफार उरला नव्हता. जिनिंगच्या बिलाचं मॅटर बांधून ठेवलं होतं, त्यातला एक काढला, तिथे झिजलेला बसवला. जिनिंगवाल्याकडे मुनीम होता, त्याला चूक दिसली असती आणि तो ओरडलाही असता. मालक पुटपुटत होता. तासभर गेला. पत्रिकेचे पैसे जे ठरले होते तेच.

आमच्या गल्लीत आमचं एकच ख्रिस्ती घर. बाबा देवाधर्माचं फार बोलत नसत. रात्री कंदिलाजवळ बायबल वाचत, पोस्टाने येणारा ‘ज्ञानोदय’ वाचत. अहमदनगरला १८४२ साली सुरू झालेलं हे मासिक. पण ते हातात घेतलं की बाबा आधी मजकूर नाही, छपाई बघत. समास बघत, शाई सगळीकडे सारखी बसली आहे का ते बघत. आईला हे अधर्मासारखं वाटे.

मला पुढे कळलं की आमच्या मंडळ्यांमध्ये या बाबतीत दोन टोकं आहेत. एक जुनं : देवाचं काम आहे, भाव महत्त्वाचा. म्हणून गीतांच्या प्रती पुसट, ओळी वाकड्या, आणि कोणी बोललं तर त्याला गर्व झाला असं ठरतं. दुसरं टोक अलीकडचं. मोठा पडदा, माईक लावलेला वक्ता, आणि ख्रिस्ती माणसाने प्रत्येक क्षेत्रात अव्वल असावं असं सांगणारं भाषण. मुलाचे टक्के, नोकरीतली बढती, चर्चची इमारत, सगळं उत्कृष्टतेच्या खाती जमा. दोन्ही ठिकाणी मला बाबा सापडत नाहीत. त्यांना अव्वल यायचं नव्हतं, कोणाच्या पुढेही जायचं नव्हतं. त्यांना फक्त त्या माणसाच्या हातात खोटं काही द्यायचं नव्हतं.

ज्या वचनावर ही भाषणं उभी असतात ते पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातलं आहे : जे कराल ते मनापासून, प्रभूसाठी म्हणून करा. ते कोणाला उद्देशून लिहिलंय हे वक्ते सहसा सांगत नाहीत. ते दासांना लिहिलंय. ज्यांना बढती नव्हती, मजुरीही नव्हती, नाव होण्याची शक्यता तर मुळीच नव्हती, अशांना. मालकांनी या वचनाचा काय उपयोग करून घेतला असेल ते वेगळं सांगायला नको, आणि आजही कमी पगारात जास्त राबवून घेणारे ते आनंदाने उद्धृत करतात. पण त्यातला धनी मालक नव्हे, हे दासाला नक्की कळलं असणार.

दुसऱ्या शतकातल्या जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने एक गोष्ट नोंदवली आहे : नासरेथचा येशू सुतारकीत नांगर आणि जू बनवत असे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नाचणगावच्या पोळ्याआधीचे दिवस आठवले, बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून शेकण्याचे. जू नीट तासलेलं नसेल तर बैलाचा खांदा सोलतो, गाठ येते, नंतर जखम चिघळते. शेतकऱ्याला हे उशिरा कळतं. बैलाला पहिल्याच तासात कळतं, पण तो सुताराकडे तक्रार घेऊन जात नाही. आपलं जू सोयीचं आहे असं म्हणणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणार.

बाबांना यातलं जस्टिन-बिस्टिन काही माहीत नव्हतं. त्यांना माहीत होत्या पंडिता रमाबाई, आणि त्याही जुळाऱ्याच्या बाजूने. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली, विधवा, टाकलेल्या बायका होत्या. रूढ मराठी बायबल त्यांना जड जातं असं रमाबाईंना वाटलं. बाई संस्कृतच्या पंडिता. होतं त्या भाषांतरातले चार शब्द सोपे करून देता आले असते, कोणी नाव ठेवलं नसतं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांमधून संपूर्ण बायबल मराठीत आणायला त्यांनी आयुष्याची अखेरची पंधराएक वर्षं घातली, आणि ते छापलं मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून. काल ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्या हातात स्टिक. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि लगेच, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या असं सांगतात. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आणि तो फारसा चालला नाही. मंडळ्यांमधून बायबल सोसायटीचंच भाषांतर वाचलं जात राहिलं. रमाबाईंचं काही ठिकाणी मुळाला इतकं धरून आहे की मराठी वाक्य अवघडतं, हेही खरं. मला ही गोष्ट दडवावीशी वाटत नाही. उत्कृष्टतेच्या भाषणांत रमाबाई येतात त्या यशाचा दाखला म्हणून. बाबांच्या बोलण्यात त्या यायच्या त्या छापखान्यातल्या बायकांमुळे. “त्यायनं रफार कसे बसवले असतील बे,” एवढंच ते म्हणायचे.

छापखान्याने ऑफसेट घेतलं तेव्हा खिळे वजनावर विकले गेले. स्टिक बाबांनी मागून घेतली. मी वर्ध्याला डीटीपी शिकलो, तिथेच काम धरलं. संगणकावर रफार झिजत नाही, पण फॉन्ट बदलला की उडतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरांची काय दशा होते ते या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

वर्ध्यात मगनवाडीत पाय पडला तो कामानेच, काही पत्रकं द्यायला. तिथे जे. सी. कुमारप्पांच्या कामाची ओळख झाली. तंजावरचे ख्रिस्ती, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा ते त्याचे संघटक झाले आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या या वाडीत येऊन बसले. त्याच वर्षी बिहारमध्ये भूकंप झाला होता. मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते, आणि गांधीजींसोबतच्या मंडळींचा खर्चसुद्धा निधीवर टाकायला त्यांनी नकार दिला, ही गोष्ट सांगितली जाते. पै न पै भूकंपग्रस्तांची. त्यांच्यापैकी कोणी हिशेबाची वही तपासायला येणार नव्हतं.

मगनवाडीत त्यांच्या काळात तेलघाणी सुधारली गेली, हातकागद झाला, खाद्यतेलावर जळणारा मगनदीप झाला, कमी धुराची चूल झाली. खेडुताच्या वस्तू आहेत, म्हणून ओबडधोबड चालतील, हा विचार तिथे दिसत नाही. मगन संग्रहालयात या गोष्टी मांडल्या आहेत. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. जबलपूरच्या तुरुंगात कुमारप्पांनी दोन पुस्तकं लिहिली, एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर आणि एक येशूच्या शिकवणुकीवर. दोन्हींचा विषय एकच आहे असं मला वाचताना वाटत राहिलं. गांधीजींनी गमतीने त्यांना धर्मशास्त्राची आणि ग्रामोद्योगाची अशा दोन डॉक्टरेट एकदमच देऊन टाकल्या होत्या.

बाबा मगनवाडीत कधी गेले नव्हते. मी त्यांना घाणीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “तेल कसं निघते?” चव चांगली आहे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

सध्या माझ्याकडे आमच्या मंडळीच्या गीतपुस्तिकेचं काम आहे, म्हाताऱ्या बायकांसाठी. मोठं अक्षर, ओळींमध्ये भरपूर जागा, कडवं पान उलटताना तुटू नये अशी मांडणी. पानं वाढली. मागची छपाई पुढे दिसू नये म्हणून जाड कागद घेतला, खर्चही वाढला. कमिटीतल्या एका भावाचं म्हणणं, निम्म्या आज्यांना गाणी पाठच आहेत, त्या पुस्तिका नुसती हातात धरतात. झेरॉक्स करून पिना मारा. हिशेबाने त्याचं चूक नाही. निधी लहान आहे आणि छताची गळती अजून काढायची आहे. मी वर्ध्याच्या छापखान्याकडून दोन्ही कागदांचे नमुने मागवलेत. रविवारी उपासना झाल्यावर ते कमिटीच्या नाही, आधी आज्यांच्या हातात देणार आहे. त्यातल्या एकीचा मोतीबिंदू अजून काढलेला नाही, ती काय म्हणते ते बघू.