फॉर्ममध्ये नसलेला रकाना

रेल्वेत नोकरी लागली की माणूस दुसऱ्याच दिवशी हिरवा झेंडा घेऊन उभा राहतो, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्याला आधी शाळेत जावं लागतं. भुसावळच्या प्रशिक्षण संस्थेतून स्टेशन मास्तर आणि गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) तयार होतात. पुण्यातली संस्था १९५९ पासून रूळ आणि पूल सांभाळणाऱ्या इंजिनीअरांना शिकवते. याखेरीज विभागाविभागांत आणि कारखान्यांत लहान केंद्रं असतात. भरती झाल्यावर, बढतीच्या वेळी आणि पुढे ठरावीक वर्षांनी उजळणीसाठी कर्मचारी पुन्हा बाकावर येऊन बसतो.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या कार्मिक खात्यात गेली. शेवटच्या काही वर्षांत अशा केंद्रांच्या पाहणीचं काम माझ्याकडे होतं. हातात एक छापील फॉर्म असायचा. वर्ग किती, खाटा किती, प्रोजेक्टर चालतो का, वाचनालयात पुस्तकं किती, निकाल किती टक्के. पाहणी आहे म्हटल्यावर केंद्राचं रूप पालटतं. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तशा कुंड्या गेरूने रंगतात, वाटेच्या कडेला चुन्याच्या रेघा उमटतात, खाटांवर कोऱ्या चादरी येतात. आम्ही रकाने भरायचे, चहा घ्यायचा आणि निघायचं.

या रकान्यांपलीकडे बघायला मला येलहंक्याने शिकवलं.

बंगळूरच्या उत्तरेला येलहंका आहे. तिथे १९८४ मध्ये रेल्वेचा चाकं आणि आस बनवण्याचा कारखाना सुरू झाला. आज त्याला रेल व्हील फॅक्टरी म्हणतात. त्याआधी आपल्याला बरीच चाकं परदेशातून विकत आणावी लागत. इथे जुनी मोडीत निघालेली चाकं आणि इतर भंगार पोलाद विजेच्या भट्टीत वितळवतात. सुमारे १६०० अंशांचा तो रस हवेच्या दाबाने खालून वर, ग्राफाइटच्या साच्यात चढवतात. आपण डब्यात निर्धास्त झोपतो, ते अशा चाकांच्या भरवशावर.

मी वर्गात मागच्या बाकावर बसले होते. मुलं नव्या भरतीची, कुणी बिहारचं, कुणी आंध्रचं, दोघं-तिघं आपल्याकडची. शिकवणारे गृहस्थ कानडी, पण हिंदीतून सांगत होते. भट्टीत ओलं भंगार जाता कामा नये, हा त्या दिवसाचा धडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. गृहस्थांनी एका मुलाला उभं केलं आणि म्हणाले, ‘‘आता तू मला शिकव. ओलं भंगार का नको?’’

मुलगा गोंधळला. मग म्हणाला, ‘‘सर, एवढ्या उष्णतेत पाणी आपोआप सुकेल की.’’

वर्ग गप्प झाला. सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘‘घरी आई फोडणी करते, तेव्हा तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला तर काय होतं?’’ मुलगा हसला आणि हसता हसता थांबला. तिथे तेलाच्या जागी वितळलेलं पोलाद होतं. पाण्याची क्षणात वाफ होऊन ते पोलाद उसळलं, तर जवळ उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल, हे त्याचं त्यालाच कळलं.

तास संपल्यावर सर मला म्हणाले, ‘‘मॅडम, समजलं का, असं मी कधीच विचारत नाही. त्याला उत्तर एकच येतं, हो.’’

माझ्या फॉर्ममध्ये याला कुठेही रकाना नव्हता.

त्यानंतर मी प्रत्येक केंद्रात आधी मागच्या बाकावर बसू लागले. एका केंद्रात (नाव सांगत नाही) एक तरुण बाई तासाला डुलक्या घेताना दिसली. हजेरीपटावर शेरा होता : लक्ष नाही. मी तिला बाहेर बोलावलं. ‘‘काय गं, बरं नाही का?’’ ती रडायलाच लागली. नवरा रुळांवर काम करताना गेला होता. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळाली होती. दोन वर्षांचं मूल सासूकडे, गावातल्या एका नातेवाइकाच्या घरी. वसतिगृहात मुलाला ठेवायची परवानगी नाही. रोज रात्री ती तिकडे जायची आणि पहाटे परतायची. म्हणाली, ‘‘मॅडम, नापास झाले तर नोकरी राहील का हो?’’

केंद्राच्या प्रमुखांशी बोलले. माणूस वाईट नव्हता, पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. रिकाम्या पडलेल्या क्वार्टरमधली एक खोली त्यांनी तिला दिली. सासू आणि मूल तिथे आले. पुढे ती पास झाली. मी फॉर्मच्या शेवटी ‘इतर’ या दोन ओळींच्या जागेत हे लिहिलं. फॉर्म मात्र मी निवृत्त होईपर्यंत तोच राहिला.

२ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्टेशनावर तीन गाड्यांचा अपघात होऊन २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीने सिग्नलच्या कामातल्या चुकांवर बोट ठेवलं. अशी बातमी वाचली की मला प्रोजेक्टर किंवा खाटा आठवत नाहीत. आठवतात त्या डोलणाऱ्या माना. समजलं नाही, हे म्हणायची सोय आपण माणसाला ठेवली आहे का, एवढंच खरं तपासायचं असतं.

ही तपासणी घरच्यांनाही करता येते. तुमच्या घरातलं कुणी असं शिकून परत आलं, तर तिथलं जेवण कसं होतं, हे जरूर विचारा. पण त्याबरोबर पोळ्या लाटता लाटता एवढंही म्हणा, ‘‘काय शिकलास, ते मला सांग बघू.’’ त्याला ते सोप्या शब्दांत सांगता आलं, तर तो खरोखर शिकून आला आहे असं समजा.