वजनाला भाव

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीचा एक समज पक्का होता: जे जड ते अस्सल. समज उगाच झाला नव्हता. सराफ्यात चांदी वजनावर, बर्तन बाजारात पितळ वजनावर, जुनी भांडी मोडीत घालायची तर तीही वजनावरच. घागर घेताना आई ती आधी उचलून बघायची, मग बुडाला टिचकी मारून आवाज ऐकायची, आणि भाव अगदी शेवटी, जणू त्याच्याशी आपला फारसा संबंध नाही अशा सुरात विचारायची. पत्रा पातळ वाटला की नुसतं "हलकी आहे हो" म्हणायची आणि घागर परत फळीवर जायची.

अशा बाजारात लहानाचे मोठे झालेल्या आम्हा लोकांवर साठीला टेकल्यावर हलका लॅपटॉप शोधायची पाळी आली आहे. खांदा दुखतो, गाडीत वरच्या बर्थवर बॅग चढवताना कंबर बोलते, मुलाकडे पुण्याला नाहीतर बंगळुरूला जाणं-येणं असतं. गरज खरी आहे. पण दीड किलोचा लॅपटॉप स्वस्त, सव्वा किलोचा महाग, आणि किलोच्या आत आला की किंमत वाचताना चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावावा लागतो. माल कमी होत जातो आणि भाव चढत जातो. बर्तन बाजारातल्या एखाद्या जुन्या दुकानदाराला हा हिशेब ऐकवला तर तो आधी आपल्याला बसवेल, मग पाणी देईल.

आमच्या काळी टू-इन-वन म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच खोक्यात. ऐंशीच्या दशकात तो घरात येणं हा एक प्रसंग असे आणि तो आणायच्या आधीची चर्चा हा त्याहून मोठा. खरेदीला वडील एकटे जात नसत. सोबत काका, कारण त्यांना घासाघीस जमे. शेजारचे भाऊसाहेब, कारण त्यांच्याकडे आधीच एक होता. आणि मामेभाऊ, कारण तो एसजीएसआयटीएसला इंजिनिअरिंग शिकत होता. होता सिव्हिलला, पण इंजिनिअर तो इंजिनिअर. हे शिष्टमंडळ आधी महाराणी रोड पालथा घाली, मग जेल रोड, आणि शेवटी राजवाड्यामागच्या बोळातल्या ओळखीच्या दुकानात जाऊन बसे. आम्ही पोरं मागून.

यंत्र काउंटरवर आलं की पहिली परीक्षा अर्थात वजनाची. काका हँडलला धरून ते उचलत, मनगट जरा खालीवर करत आणि मामेभावाकडे बघून मान डोलवत. मामेभाऊ पाठीवरचं झाकण काढून मोठ्या सेलांच्या जागा तपासे. इंजिनिअरिंगचा त्याचा वाटा एवढाच. भाऊसाहेब शॉर्टवेव्हचा काटा फिरवत सिलोन शोधू लागत. भर बाजारात, ट्यूबलाइटांच्या खरखरीत सिलोन काय लागणार, पण मालवा हाउस खणखणीत लागे. मालवा हाउस म्हणजे आमचं आकाशवाणी केंद्र, १९५५ पासूनचं, बाहेरच्या रस्त्यावरून ऐकू येईल इतकं जवळ. तेवढ्या भांडवलावर दुकानदार "देखा साहब?" म्हणून मोकळा होई. मग कॅसेट. ती बहुधा लताबाईंची. इंदुरात जन्मलेल्या बाईंचा आवाज इंदुरात कुठल्याही खोक्यातून गोडच वाटायचा, त्यामुळे ही परीक्षा मुळात फितूर होती. वडील या सगळ्यात गप्प. उठता उठता फक्त विचारत, "बेल्ट तुटला तर?" आणि दुकानदार म्हणे, "भिया, हम कहाँ जा रहे हैं?" हमीपत्र म्हणतात ते एवढंच. आणि बेल्ट तुटला तेव्हा दुकानदार खरोखर तिथेच होता.

आता शिष्टमंडळ नाही. आता रात्री साडेअकराला अंथरुणात, फोन नाकासमोर धरून, एकट्यानं तुलना. तीन यंत्रं शेजारी शेजारी मांडायची आणि खाली रकाने वाचत जायचं: प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पडद्याची चमक निट्समध्ये, बॅटरी वॉट-तासांत. रॅम आठ जीबी की सोळा हे आत्ताच ठरवायचं, कारण हलक्या लॅपटॉपात ती बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. पुढे वाढवू म्हटलं तर वाढत नाही. यूट्यूबवर एक तरुण यंत्र दोन बोटांवर तोलून "कागदासारखं" म्हणतो, दुसरा तेच यंत्र उघडमीट करून बिजागरी डुगडुगते म्हणतो, आणि दोघांवरही विश्वास बसतो. मामेभाऊ आता अमेरिकेत असतो. त्याला व्हॉट्सॲपवर विचारलं तर तो एक लिंक पाठवतो आणि त्या लिंकमध्ये आणखी डझनभर यंत्रं निघतात. काकांसारखं हात उचलून "बस, हाच" म्हणणारं कोणी उरलेलं नाही. तेव्हा निवड फसली तर दोष चौघांत वाटला जाई आणि दिवाळीला फराळ खाताना त्यावरून एकमेकांना टोमणे मारता येत. आता दोष आपला आणि परत करायची मुदतही आपणच लक्षात ठेवायची.

पण खरं बोलायचं तर त्या तुलनेत तुलना करण्याजोगं होतं काय? दुकानात दोन-तीन मॉडेलं. त्याहून बरं हवं तर मुंबईला मुसाफिरखान्यात नाहीतर मनीष मार्केटात जायचं, किंवा दुबईला नोकरीवर असलेल्या कोणाची तरी सुट्टी जवळ येण्याची वाट बघायची. तिथे निवड कसली, मिळेल तो प्रसाद. खोक्यावर जपान लिहिलेलं असे, आत काय आहे ते दुरुस्तीवाला झाकण उघडेपर्यंत कळत नसे. जड ते अस्सल म्हणावं, तर नकली मालात वजन यावं म्हणून आत लोखंडाचा तुकडा चिकटवतात असं हेच दुरुस्तीवाले सांगत. रेडिओ बाळगायला टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरावे लागत, तो जाच ऐंशीच्या दशकात एकदाचा सुटला. आणि त्या शिष्टमंडळात आई कधीच नव्हती. दिवसभर रेडिओ ऐकणार ती, पण घागरीला टिचकी मारून पारखणाऱ्या बाईला टू-इन-वन पारखायला न्यावं असं चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. आज आमच्या घरी लॅपटॉप कुठला घ्यायचा हे मुलगी ठरवते. काका असते तर त्यांनी तिचं ऐकून घेतलं असतं याची मी खात्री देत नाही.

आताच्या टू-इन-वनच्या दोन जाती आहेत. एकीत पडदा गरकन मागे वळून पाठीला पाठ लावतो. लेनोव्होच्या योगानं २०१२ मध्ये ही कसरत लोकांच्या ओळखीची केली. दुसरीत पडदा सुटा होतो, तोच टॅबलेट, आणि कीबोर्ड चुंबकानं खाली चिकटतो. मायक्रोसॉफ्टनं असा सरफेस आणला तोही २०१२ मध्येच. ही दुसरी जात दिसायला मोठी ऐटबाज. पण तिच्यात प्रोसेसर, बॅटरी, सगळा जडपणा पडद्यामागे असतो आणि खालचा कीबोर्ड वहीच्या पुठ्ठ्याएवढा. टेबलावर छान उभी राहते. मांडीवर घेतली की पाठीमागचा टेका गुडघ्याच्या अलीकडे रुततो, आणि आपल्यासारखं मांडी घालून बसलं तर त्याला टेकायला जागाच सापडत नाही. यंत्र मागे कलंडतं. नेहमीच्या लॅपटॉपात वजन खाली आणि पडदा पातळ, म्हणून तो मांडीवर ठरतो.

हे कळायला इंदुरी माणसाला लांब जायला नको. राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ उभं राहून वर बघावं. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. घाट मराठी, मोगली आणि फ्रेंच असा मिसळलेला, म्हणजे हायब्रिडच. वरच्या लाकडानं त्याला तीनदा आगीत घातलं, शेवटचं १९८४ मध्ये, ते दुखणं वेगळं. पण जड खाली आणि हलकं वर एवढं होळकरांच्या गवंड्यांना कळत होतं. टॅबलेटवाल्यांनी दगड वर चढवला आणि लाकूड खाली घातलं.

शिवाय हलकेपणाचा आकडा कसा छापतात तेही बघण्यासारखं आहे. सुट्या होणाऱ्या टॅबलेटचं वजन कीबोर्ड सोडून सांगायची पद्धत आहे, कारण कीबोर्ड बहुतेक वेळा वेगळा विकत घ्यायचा असतो. पेनही वेगळं. आमच्या टू-इन-वनसोबत सेल मिळत नसत हे कबूल, पण बटणं वेगळी घ्या असं कोणी सांगितलं नव्हतं. २०२० मध्ये ॲपलच्या मोठ्या आयपॅड प्रोसाठी मॅजिक कीबोर्ड आला. टॅबलेट साडेसहाशे ग्रॅमच्या आतबाहेर. लोकांनी कीबोर्ड जोडून वजन केलं तर ते जोडकाम त्याच कंपनीच्या मॅकबुक एअरपेक्षा जड भरलं. म्हणजे लॅपटॉप नको म्हणून टॅबलेट घ्यायचा, टॅबलेटचा लॅपटॉप करायचा, आणि लॅपटॉपपेक्षा जास्त ओझं वाहायचं.

अर्थात तक्रार करताना तारतम्य ठेवलेलं बरं. १९८१ चा ऑस्बोर्न हा पोर्टेबल संगणक म्हणून विकला गेला आणि तो जवळपास ११ किलोचा होता. शिवणयंत्राएवढ्या त्या पेटीला हँडल होतं म्हणून पोर्टेबल म्हणायचं. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्जनं कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला तो १.३६ किलोचा, आणि तेव्हा जग थक्क झालं. आज तेवढं वजन मुलीला "जरा जडच" वाटतं. आम्ही ते पाकीट बघून टाळ्या वाजवणाऱ्यांतले. आम्हाला अकरा किलोही आठवतात, आणि त्या अकरा किलोंचं प्रेम येतं असं म्हटलं तर ते शुद्ध खोटं होईल.

प्रेम येतं ते उचलून बघण्याचं. एका झगमगीत शोरूममध्ये गेलो तर सगळे लॅपटॉप ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला खालून पोलादी तार. हलकं आहे म्हणून चाळीस हजार जास्त द्यायचे, तेव्हा निदान उचलून बघावं म्हणून एक वर घेतला. वीतभर वर आला आणि तार ताणली गेली, वर भोंगा वाजला. पळत आलेला मुलगा नम्र होता. "सर, वेट डिस्प्ले पर लिखा है," म्हणाला. लिहिलेलं होतंच.

टू-इन-वन घेतला की काम संपत नसे. रात्री सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात, तेव्हाही लागत. खोकं मधे ठेवून सगळे भोवती उभे राहत, भुट्ट्याचा कीस नाहीतर थंडी असली तर गराडू खात, आणि खोक्यावर कोणाचा ना कोणाचा हात असे. घरी कुंकवाचं स्वस्तिक. आठवड्याभरात आईनं विणलेलं क्रोशाचं झाकण. आणि मग रेकॉर्डचं लाल बटण पहिल्यांदा दाबायचा मान कोणाचा यावर वाद. मान आजोबांना मिळाला. ते ताठ बसले, खाकरले, पंधरावा अध्याय म्हणू लागले, आणि तिसऱ्या श्लोकाला स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. आजोबांनी थांबून "अहो, गॅस!" म्हटलं तेही टेपवर आलं. पुढे त्या कॅसेटला बुरशी धरली आणि फितीचा गुंता झाला. आज मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग असं खराब होत नाही हे मान्य करावं लागतं. ते सापडत नाही, एवढंच.

नव्या यंत्राचं स्वागत कुरिअरवाल्याला ओटीपी सांगून होतं. खोकं उघडायचं, खातं काढायचं, पासवर्ड ठरवायचा, तो नाकारला गेला की दुसरा ठरवायचा, मग अपडेट येईपर्यंत गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसायचं. सगळं मुकाट. खंडेनवमीला मात्र आमच्याकडे लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहतात. चार्जिंगच्या भोकात अक्षता जाऊ नयेत म्हणून झाकण मिटून, टोकाला एकच बोट टेकवून. तेवढं टिकलं आहे.

इतकी तुलना झाल्यावर मुलीनं निकाल दिला: सुटा नको, उलटा होणारा नको, साधा मिटणारा घ्या. मग आम्ही आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमध्ये एका छोट्या दुकानात गेलो. इथे तार नव्हती, यंत्र हातात मिळालं. मी चार्जरसकट वजन विचारलं. मुलानं माझ्याकडे, मग मुलीकडे बघितलं, आणि पार्सलं मोजायचा काटा पुढे ओढला. कंपनीच्या आकड्यापेक्षा पाव किलोहून जास्त भरलं. "चार्जर कोई नहीं गिनता, अंकल," तो म्हणाला. गिनत नसाल तर निदान बॅग फुकट द्या, अशी मी बोलणी सुरू केली. तो बॅग काढायला वाकला, तोच मुलीनं विचारलं, बॅगेचं वजन किती?